म्हैसूरमध्ये भाड्याच्या घरातील गुंतवणूक : भांडवल, कर्ज आणि कागदपत्रे

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून दुसरे घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि त्या उत्पन्नावर महिन्याचा खर्च चालवावा, हा विचार मध्यमवर्गीय कुटुंबांत नवा नाही. बंगळूरमधील घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्यानंतर या विचाराने तेथून सुमारे १४५ किलोमीटरवरील म्हैसूरकडे वळलेल्यांची संख्या मोठी आहे. १२ मार्च २०२३ रोजी बंगळूर-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले आणि या ओढीत भर पडली. मात्र भाड्याचे घर ही मुदतठेवीसारखी आपोआप व्याज देणारी गोष्ट नाही. खरेदीचा एकूण खर्च, कर्जाचा हप्ता, रिकामे राहणारे महिने आणि जागेच्या मालकीविषयीचे वाद यांचा आगाऊ हिशेब न केल्यास आयुष्यभराची बचत अडकून पडण्याचा धोका असतो. म्हैसूरच्या परिस्थितीत या व्यवसायाची सुरुवात कशी होते, त्यासाठी पैसा कोठून उभा राहतो आणि कोणती काळजी घ्यावी लागते, याची ही माहिती.

शहर आणि त्याचे भाडेकरू

१ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसूरु झाले. मराठीत म्हैसूर हेच नाव रूढ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या प्लेगनंतर संस्थानाने शहराची आखीव वाढ हाती घेतली आणि १९०३ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन केले. जुन्या पेठांच्या बाहेर रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या. लक्ष्मीपुरम, चामराजपुरम, कृष्णमूर्तिपुरम, वोंटिकोप्पल आणि पुढच्या काळातील सरस्वतीपुरम, कुवेंपुनगर, विजयनगर हे भाग म्हणजे या आखणीचीच परंपरा होय.

भाड्याने राहण्याची पद्धतही येथे जुनी आहे. दर्शनी भागात मालकाचे घर आणि आत सामाईक अंगणाभोवती दोन-दोन खोल्यांच्या घरांची रांग, अशा बांधणीला कन्नडमध्ये वठार म्हणतात. पुण्याच्या वाड्याशी आणि मुंबईच्या चाळीशी तिचे नाते सहज लक्षात येते. आज वठारे कमी झाली असली, तरी ‘खाली मालक, वर भाडेकरू’ ही रचना म्हैसूरच्या बहुतेक वसाहतींत कायम आहे. तीस फूट बाय चाळीस फूट, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा भूखंड आणि त्यावरील दोन मजली घर हे येथील भाडेबाजाराचे मूळ एकक मानता येईल.

भाडेकरू कोण, यावर सर्व गणित अवलंबून असते. १९१६ साली स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ, १९४६ पासूनचे राष्ट्रीय अभियांत्रिकी महाविद्यालय, केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि भारतीय भाषा संस्था यांच्यामुळे विद्यार्थी, संशोधक व बदलीचे कर्मचारी यांची ये-जा वर्षभर चालू असते. सरस्वतीपुरम, जयलक्ष्मीपुरम आणि मानसगंगोत्री परिसरातील खोल्यांना त्यांच्याकडून मागणी येते. हेब्बाळ, हूटगळ्ळी आणि नंजनगूड येथील औद्योगिक वसाहतींतील कामगार व अभियंते पश्चिम आणि दक्षिण भागांत घरे शोधतात.

हेब्बाळ येथील इन्फोसिसच्या विस्तीर्ण आवाराचा उल्लेख घरविक्रीच्या जाहिरातींत नेहमी होतो. येथील जागतिक शिक्षण केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले आणि हजारो तरुण अभियंते प्रशिक्षणासाठी येथे येऊन गेले. परंतु प्रशिक्षणार्थींच्या निवासाची सोय आवारातच आहे. त्यामुळे जवळच्या सदनिकेला भाडेकरू मिळतील ते प्रामुख्याने कायम नोकरीवरील कर्मचाऱ्यांमधून, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे लागते.

गोकुळम भागाची कथा अधिक बोलकी आहे. अष्टांग योगाचे गुरू के. पट्टाभी जोइस यांची शाळा २००२ मध्ये लक्ष्मीपुरममधून गोकुळममध्ये आली. जगभरातील विद्यार्थी एक ते तीन महिन्यांसाठी येऊ लागले आणि सामानसुमानासह सज्ज खोल्या भाड्याने देणे हा तेथील अनेक कुटुंबांचा पूरक व्यवसाय झाला. २००९ मध्ये पट्टाभी जोइस यांचे निधन झाले, २०२० मध्ये कोविडमुळे परदेशी विद्यार्थ्यांचे येणे थांबले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांचे नातू व उत्तराधिकारी शरत जोइस यांचेही निधन झाले. एकाच शाळेवर, एकाच कारखान्यावर किंवा एकाच कंपनीवर अवलंबून असलेली मागणी किती चंचल असते, याचे हे उदाहरण होय. जेथे दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारचे भाडेकरू मिळू शकतात, तेथील घर तुलनेने सुरक्षित ठरते.

सुरुवातीचे मार्ग

या गुंतवणुकीचे तीन मार्ग सामान्यतः दिसतात. पहिला, राहत्या घरावर मजला चढवून तो भाड्याने देणे. दुसरा, तयार सदनिका अथवा स्वतंत्र घर विकत घेणे. तिसरा, भूखंड घेऊन त्यावर दोन-तीन बिऱ्हाडांची इमारत बांधणे. पहिल्या मार्गात जमिनीची किंमत द्यावी लागत नाही. दुसऱ्यात वेळ वाचतो, पण भांडवल सर्वाधिक लागते. तिसऱ्यात मिळकत चांगली होऊ शकते, मात्र बांधकाम पूर्ण होईपर्यंत भाडे नाही आणि हप्ता मात्र सुरू, अशी स्थिती असते.

खरेदीचा खरा खर्च

विक्रेत्याने सांगितलेली किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. कर्नाटकात ४५ लाखांहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर ५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. त्या शुल्कावर १० टक्के उपकर आणि शहरी भागात २ टक्के अधिभार लागतो. नोंदणी शुल्क पूर्वी १ टक्का होते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून ते २ टक्के करण्यात आले. म्हणजेच ५० लाखांच्या सदनिकेसाठी मुद्रांक शुल्क, उपकर व अधिभार मिळून २ लाख ८० हजार आणि नोंदणीचे १ लाख, असे एकूण ३ लाख ८० हजार रुपये सरकारजमा होतात. करारातील किंमत आणि शासनाचे मार्गदर्शी मूल्य यांपैकी जे अधिक असेल, त्यावर ही आकारणी होते.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातील घरावर साधारणपणे ५ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर तो नाही. ५० लाख वा त्याहून अधिक किमतीच्या खरेदीत खरेदीदाराने विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का प्राप्तिकर कापून भरावयाचा असतो. याखेरीज वकिलाची तपासणी, रंगकाम, नळ व विजेची दुरुस्ती आणि सोसायटीची सुरुवातीची वर्गणी यांसाठी लाखभर रुपये वेगळे ठेवणे शहाणपणाचे ठरते.

बँकेचे कर्ज

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जासाठी ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात बँक अर्जदाराचे उत्पन्न, वय, आधीचे हप्ते आणि पतगुणांक पाहून रक्कम ठरवते. घराच्या किमतीत मुद्रांक व नोंदणी शुल्क सर्वसाधारणपणे धरले जात नाही. त्यामुळे तो सर्व खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागतो. पहिल्या घराचा हप्ता चालू असेल, तर दुसऱ्या कर्जाची पात्रता तेवढी कमी होते. अपेक्षित भाड्याचा काही भाग बँका उत्पन्नात धरतात, पण संपूर्ण भाडे धरतील असे गृहीत धरू नये. निवृत्तीच्या जवळ आलेल्या व्यक्तीस परतफेडीसाठी कमी वर्षे मिळतात आणि हप्ता वाढतो. अशा वेळी नोकरीत असलेल्या मुलाला किंवा मुलीला सहकर्जदार करण्याची पद्धत आहे. परंतु हप्ता थकल्यास त्यांच्या पतगुणांकावरही परिणाम होतो, याची कल्पना त्यांना आधीच द्यावयास हवी.

ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निकषाशी, बहुधा रेपो दराशी, जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्यात आला. वीस वर्षांच्या कर्जात असे चढउतार अनेकदा येणार, हे गृहीत धरूनच हप्ता ठरवावा. आजच्या दरापेक्षा दोन टक्के अधिक दराने हप्ता काढून तो झेपतो का, हे पाहणे ही साधी कसोटी होय. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व परतफेड करताना बँकेला दंड आकारता येत नाही. कर्ज फिटल्यानंतर मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत करण्याचे बंधन १ डिसेंबर २०२३ पासून लागू असून, विलंबाला बँक जबाबदार असल्यास कर्जदाराला दर दिवशी ५ हजार रुपये भरपाई मिळते.

भाडे आणि हप्ता : एक हिशेब

पुढील आकडे केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. सदनिकेची किंमत ५० लाख, सरकारी शुल्क ३ लाख ८० हजार आणि इतर खर्च १ लाख २० हजार, असा एकूण खर्च ५५ लाख होतो. बँकेने ४० लाख दिल्यास स्वतःचे १५ लाख घालावे लागतात. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारे ३४,७१३ रुपये येतो; वर्षाचे ४ लाख १६ हजार.

भाडे दरमहा १५ हजार धरू. वर्षात एक महिना घर रिकामे राहिल्यास १ लाख ६५ हजार हाती येतील. घरपट्टी, सोसायटीचा मासिक खर्च आणि दुरुस्ती यांसाठी ३० हजार वजा केले की १ लाख ३५ हजार उरतात. ५५ लाखांच्या खर्चावर हे उत्पन्न अडीच टक्क्यांच्याही आत आहे. हप्ता भरण्यासाठी दरमहा सुमारे साडेतेवीस हजार रुपये पगारातून घालावे लागतील. भाड्यावर हप्ता भागेल, ही अपेक्षा या हिशेबात टिकत नाही. भारतातील बहुतेक शहरांत निवासी घराचे वार्षिक भाडे किमतीच्या दोन ते चार टक्क्यांच्या दरम्यान असते आणि कर्जाचा दर त्याच्या दुप्पट वा अधिक. घराची किंमत वाढेल या आशेवरच असा व्यवहार उभा असतो, आणि ती वाढ कधी व किती होईल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

आता राहत्या घरावर ९०० चौरस फुटांचा मजला चढवण्याचे उदाहरण पाहू. चौरस फुटाला २ हजार रुपये धरल्यास खर्च १८ लाख होतो. ६ लाख स्वतःचे आणि १२ लाखांचे कर्ज घेतल्यास त्याच दराने व मुदतीने हप्ता सुमारे १०,४१४ रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २५ हजार येईल. भाडे दरमहा १२ हजार, एक महिना रिकामा आणि १२ हजार खर्च धरून वर्षाला १ लाख २० हजार हाती राहतात. येथे भाडे आणि हप्ता जवळजवळ जुळतात. म्हैसूरच्या मध्यमवर्गाने पिढ्यान्‌पिढ्या हाच मार्ग का धरला, ते यावरून समजते. अर्थात पायाची ताकद संरचना अभियंत्याकडून तपासून घेणे, मंजूर नकाशा असणे आणि जिन्याला स्वतंत्र वाट ठेवणे या गोष्टी टाळता येत नाहीत. नकाशाबाहेरच्या मजल्यावर बँक कर्ज देत नाही.

भोग्य : भाड्याविना घर

कर्नाटकात भांडवल उभे करण्याची आणखी एक रीत आहे. ‘लीज’ किंवा कन्नडमध्ये ‘भोग्य’ असे तिचे नाव. भाडेकरू दोन-तीन वर्षांसाठी मालकाला काही लाख रुपये एकरकमी देतो आणि दरमहा भाडे न भरता राहतो. मुदत संपल्यावर मालकाने पूर्ण रक्कम परत करावयाची असते. भाडेकरूच्या दृष्टीने भाडे वाचते आणि मुद्दल परत मिळते. मालकाला बँकेत न जाता पैसा मिळतो.

हा पैसा मालकाला वाटतो तितका स्वस्त नसतो. १२ हजार रुपये भाडे मिळू शकणारे घर ८ लाखांच्या भोग्यावर दिल्यास मालक वर्षाला १ लाख ४४ हजारांच्या भाड्यावर पाणी सोडतो. याचा अर्थ, त्याने १८ टक्के व्याजाने कर्ज घेतल्यासारखे झाले. साडेआठ टक्के दराचे गृहकर्ज फेडण्यासाठी ही रक्कम वापरली, तर नुकसानच होते. बरोबरी साधण्यासाठी त्याच घराची भोग्य रक्कम सुमारे १७ लाख असावयास हवी.

भाडेकरूचा धोका त्याहून गंभीर आहे. त्याची सर्व बचत मालकाच्या एका सहीवर असते. घर आधीच बँकेकडे तारण असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक घराचा ताबा घेऊ शकते. बँकेच्या संमतीविना केलेला आणि नोंदणी नसलेला भोग्य करार अशा वेळी भाडेकरूला फारसे संरक्षण देत नाही. घर सोडावे लागते आणि रकमेसाठी मालकाविरुद्ध दिवाणी दावा लावण्याची पाळी येते. म्हणून भोग्यावर घर देणाऱ्याने तारणाची माहिती लपवू नये, बँकेची लेखी संमती घ्यावी आणि करार नोंदवावा. घेणाऱ्याने बोजा प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय रक्कम देऊ नये. नव्या गुंतवणूकदाराने भोग्याची रक्कम खर्च करून टाकल्यास मुदतीअखेर पुढचा भोग्यदार मिळेपर्यंत ती परत करता येत नाही. हे चक्र एकदा सुरू झाले की थांबवणे कठीण जाते.

कागदपत्रांची तपासणी

म्हैसूरमध्ये जमिनीची कागदपत्रे हा सर्वांत नाजूक विषय आहे. नगर सुधारणा मंडळाचा वारसा चालवणाऱ्या म्हैसूर नगर विकास प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘मुडा’च्या वसाहतीतील भूखंड सुरक्षित, असा समज दीर्घकाळ होता. २०२४ मध्ये जमीन गेलेल्यांना द्यावयाच्या पर्यायी भूखंडांच्या ५०:५० योजनेवरून मोठा वाद झाला, चौकश्या सुरू झाल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने १४० हून अधिक मालमत्तांवर तात्पुरती टाच आणली. प्राधिकरणाचे नाव कागदावर आहे एवढ्यावर समाधान मानू नये; भूखंड कोणाला, केव्हा आणि कोणत्या योजनेखाली दिला गेला, ते मूळ वाटपपत्रापासून तपासावे, हा यातून मिळणारा धडा होय.

खरेदीपूर्वी पुढील कागदपत्रे पाहणे आवश्यक मानले जाते :

- मागील किमान तीस वर्षांच्या मालकीची साखळी दाखवणारी खरेदीखते, वाटणीपत्रे व वारसाहक्काची कागदपत्रे.
- उपनिबंधक कार्यालयाचे बोजा प्रमाणपत्र. नोंदवलेले व्यवहार असल्यास ते नमुना १५ मध्ये, नसल्यास नमुना १६ मध्ये मिळते. तोंडी व अनोंदणीकृत व्यवहार यात दिसत नाहीत.
- खाते उतारा. ऑक्टोबर २०२४ पासून दस्तनोंदणीसाठी ई-खाते अनिवार्य करण्यात आले. ग्रामपंचायत हद्दीत नमुना ९ व ११ पाहावे लागतात.
- शेतजमिनीचे बिगरशेती रूपांतर झाल्याचा आदेश आणि वसाहतीचा मंजूर आराखडा.
- बांधकामाचा मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिलाच्या अलीकडच्या पावत्या.
- नव्या प्रकल्पासाठी कर्नाटक रेराची नोंदणी. ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठहून अधिक घरांच्या प्रकल्पांना ती बंधनकारक आहे.

बिगरशेती न झालेल्या जमिनीवरील ‘रेव्हेन्यू साइट’ स्वस्त मिळते, परंतु बँका तिच्यावर कर्ज देण्यास तयार नसतात आणि पुढे विकतानाही ग्राहक मिळत नाही. अशा अनधिकृत वसाहतींतील मालमत्तांना बी खाते देण्याची मोहीम राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये हाती घेतली. बी खात्यामुळे करवसुलीची नोंद होते. बांधकाम नियमित झाले असा त्याचा अर्थ होत नाही. बँकेने नेमलेला वकील बँकेच्या कर्जाची सुरक्षितता पाहतो. खरेदीदाराने स्वतःचा वकील वेगळा नेमणे हिताचे असते.

भाडेकरार आणि कायदा

महाराष्ट्रातील वाचकांना परिचित असलेला नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यावर आधारलेला आहे. त्यात मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जलद दाद मागता येते. कर्नाटकात व्यवस्था वेगळी आहे. तेथील १९९९ चा भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला, मात्र शहराच्या श्रेणीनुसार दरमहा ३,५०० किंवा २,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना तो लागू होत नाही. आजची बहुतेक घरे या मर्यादेबाहेर असल्याने मालक व भाडेकरू यांचे संबंध मुख्यतः त्यांचा लेखी करार आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा यांवर चालतात. वाद झाल्यास दिवाणी न्यायालयात जावे लागते आणि त्यास वेळ लागतो. त्यामुळे भाडेकरूची निवड आणि कराराची भाषा यांना येथे विशेष महत्त्व आहे.

एका वर्षाहून अधिक मुदतीच्या करारास नोंदणी आवश्यक असल्याने अकरा महिन्यांचा करार करण्याची प्रथा आहे. भाडे, वार्षिक वाढ, अनामत रक्कम, सूचनेची मुदत, रंगकामाचा खर्च आणि किरकोळ व मोठ्या दुरुस्तीची जबाबदारी या गोष्टी करारात स्पष्ट असाव्यात. बंगळूरमध्ये दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घेण्याची रीत होती. केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी ही मर्यादा दोन महिन्यांची सुचवलेली आहे; मात्र तो राज्यांनी स्वीकारल्यावरच लागू होतो. अनामत रक्कम ही परत द्यावयाची ठेव आहे. ती दुसऱ्या घराच्या खरेदीत घालणे धोक्याचे ठरते.

राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटांपर्यंतच्या मोफत विजेचा लाभ भाडेकरूलाही मिळतो. त्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडाचा वीज मीटर वेगळा असणे उपयुक्त असते. भाडेकरूच्या ओळखीची कागदपत्रे घेऊन पोलीस ठाण्यात माहिती द्यावी. परदेशी व्यक्तीस जागा दिल्यास तिच्या आगमनानंतर २४ तासांच्या आत विहित नमुन्यात ऑनलाइन कळवणे मालकावर बंधनकारक आहे; गोकुळममधील घरमालकांसाठी हा नियम रोजच्या व्यवहाराचा भाग आहे.

प्राप्तिकर आणि इतर कर

मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च कमी असो वा अधिक, ही वजावट बदलत नाही. त्यानंतर कर्जावरील व्याज वजा होते. वरील सदनिकेच्या उदाहरणात पहिल्या वर्षीचे व्याज सुमारे ३ लाख ३७ हजार आहे. भाडे १ लाख ६५ हजार आणि घरपट्टी ८ हजार धरल्यास ३० टक्के वजावटीनंतर १ लाख १० हजार राहतात आणि सुमारे २ लाख २७ हजारांचा तोटा दिसतो. जुन्या करपद्धतीत यांपैकी २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा करता येतो व उरलेला आठ वर्षांपर्यंत पुढे नेता येतो. नव्या करपद्धतीत भाड्याच्या मर्यादेपर्यंतच व्याज उपयोगी पडते; तोटा पगारातून वजा होत नाही. ‘कर वाचतो म्हणून दुसरे घर’ हा जुना सल्ला त्यामुळे अनेकांच्या बाबतीत लागू राहिलेला नाही.

भाडे दरमहा ५० हजारांहून अधिक असल्यास भाडेकरूने २ टक्के कर कापावयाचा असतो. सामान्य कुटुंबाने राहण्यासाठी घेतलेल्या घराच्या भाड्यावर वस्तू व सेवा कर नाही. वसतिगृह वा पेइंग गेस्ट पद्धतीत प्रतिव्यक्ती दरमहा २० हजार रुपयांपर्यंतचे आणि सलग किमान ९० दिवसांचे वास्तव्य १५ जुलै २०२४ पासून करमुक्त करण्यात आले. घर दोन वर्षांनंतर विकल्यास दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तींना महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय ठेवण्यात आला आहे.

अनिवासी भारतीयांना निवासी घर विकत घेता येते. शेतजमीन मात्र घेता येत नाही. त्यांना भाडे देणाऱ्या भाडेकरूने रकमेची मर्यादा न पाहता ३० टक्के आणि त्यावरील उपकर कापून भरावयाचा असतो. ही बाब करारातच लिहिलेली बरी. दूर राहणाऱ्या मालकाने विश्वासू व्यक्तीस मर्यादित अधिकारांचे मुखत्यारपत्र द्यावे. विक्रीचा अधिकार त्यात सहसा देऊ नये.

थोड्या भांडवलातून सुरुवात

१५-२० लाख रुपये एका घरात गुंतवणे शक्य नसलेल्यांसाठी स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास, म्हणजे ‘रीट’, हा पर्याय उपलब्ध आहे. सेबीने २०१४ मध्ये त्याचे नियम केले आणि २०१९ मध्ये देशातील पहिल्या रीटची शेअर बाजारात नोंदणी झाली. हे न्यास मुख्यतः कार्यालयांच्या इमारतींचे भाडे वाटतात. युनिटचा भाव खाली-वर होतो, पण भाडेकरू शोधणे, नळ दुरुस्त करणे आणि न्यायालयात जाणे हे काम गुंतवणूकदाराकडे येत नाही.

थोडक्यात क्रम

घर पाहण्यापूर्वी स्वतःची रक्कम, झेपणारा हप्ता आणि सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी राखीव शिल्लक निश्चित करावी. त्यानंतर परिसरातील भाडे दलालाच्या तोंडून न ऐकता तेथे राहणाऱ्या दोन-चार भाडेकरूंकडून जाणून घ्यावे. एकूण खर्चावर निव्वळ उत्पन्न किती टक्के पडते, ते काढावे. मग वकिलाकडून कागदपत्रांची तपासणी, बँकेची मंजुरी आणि त्यानंतरच विसार रक्कम, हा क्रम पाळावा. विसार आधी आणि तपासणी नंतर, असे झाल्यास दोष आढळला तरी माघार घेणे कठीण जाते. घर ताब्यात आल्यावर थोडे कमी भाडे देणारा, पण वेळेवर पैसे भरणारा भाडेकरू मिळत असेल, तर त्याला प्राधान्य द्यावे. दरमहा १५ हजारांच्या घरात पाचशे रुपये कमी घेतल्याने वर्षाला ६ हजार जातात. घर एक महिना रिकामे राहिल्यास १५ हजार जातात.